आधी तिला कळलं, म्हणून दोषी तीच?

मंद्रूपच्या स्टँडवरून सकाळची सोलापूर एसटी पकडणाऱ्यांना माहीत आहे, गाडीत कुठलाच विषय सुटत नाही. पेपर, पॅकेज, कुणाचं जमलं, कुणाचं मोडलं. एचआयव्ही हा शब्द मात्र १ डिसेंबरच्या रांगोळीपुरताच. लाल रिबीन काढायची, सेल्फी घ्यायचा, विषय संपला.

मागे आमच्या कॉलेजात अशाच कार्यक्रमात प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यायचे होते. एका चिठ्ठीत होतं, ‘होणाऱ्या नवऱ्याला टेस्ट कर, असं म्हणायचं कसं?’ हॉलभर हशा पिकला. मीही हसले. परतीच्या एसटीत मात्र ती चिठ्ठी डोक्यातून जाईना. त्या दिवसाचा खरा प्रश्न तेवढा एकच होता.

एचआयव्ही ‘तसल्या’ बायकांना होतो, असं आपण धरून चालतो ना? मग हे वाचा. कोविडच्या काळात टीव्हीवर दिसणारे डॉ. रमण गंगाखेडकर आठवतात? त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९९३ ते १९९६ दरम्यान पुण्यात, गुप्तरोगांच्या दवाखान्यांत आलेल्या बायकांचा अभ्यास केला. त्यात वेश्याव्यवसायात नसलेल्या ३९१ जणी होत्या. त्यांच्यापैकी १३.६ टक्के एचआयव्हीबाधित निघाल्या. या ३९१ पैकी बहुतेकींचा आयुष्यभरात जोडीदार एकच. नवरा! हे आकडे दवाखान्यात आलेल्यांचे आहेत, सगळ्या समाजाचे नाहीत. पण ‘मी सरळ वागते, मला काय धोका?’ या समजुतीला त्यांनी तेव्हाच सुरुंग लावला.

‘जपून वागा’ हा सल्ला मग नेमका कुणाला द्यायचा? सोलापुरात बिड्या वळणारी बाई घ्या. मजुरी हजार बिड्यांमागे. दवाखान्यात अर्धा दिवस गेला की तेवढी मजुरी बुडाली. खोली नवऱ्याच्या नावावर, माहेर लांब. ती कंडोमचं नाव काढेल? काढलं तर ‘माझ्यावर भरवसा नाही का?’ किंवा त्याहून वाईट, ‘तुझंच काहीतरी आहे.’ आजार विषाणूमुळे होतो, पण त्याला घराचं दार उघडून देते ती तिची लाचारी.

आणखी एक गोष्ट. गरोदरपणात सरकारी दवाखान्यात बाईची एचआयव्ही तपासणी होते. ती हवीच, कारण वेळेत औषधं मिळाली तर बाळ वाचतं. पण त्यामुळे अनेकदा घरात आजार आधी तिचा कळतो, आणि जिचा आधी कळला तिनेच तो आणला, असा निकाल लागतो. नवऱ्याची टेस्ट झालेलीच नसते!

यावर उपाय नाही, असं नाही. सांगलीत ‘संग्राम’ संस्थेने १९९२ पासून वेश्याव्यवसायातल्या बायकांनाच सोबत घेऊन काम केलं. पुढे ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ ही त्यांची स्वतःची संघटना उभी राहिली. एकटी बाई ‘कंडोमशिवाय नाही’ म्हणाली तर गिऱ्हाईक शेजारच्या दारात जातं. सगळ्याच म्हणाल्या तर जाणार कुठं? गंमत बघा, ज्यांना आपण नावं ठेवतो त्यांच्यामागे मैत्रिणी उभ्या आहेत. लग्न झालेली बाई मात्र चार भिंतींत एकटी.

कायदाही आहे. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा सांगतो की संमतीशिवाय टेस्ट नाही, भेदभाव नाही, आणि एचआयव्ही आहे म्हणून घराबाहेर काढता येत नाही. सरकारी केंद्रांत टेस्ट मोफत आणि गोपनीय होते. औषधं २००४ पासून मोफत आहेत, आणि ती नियमित घेणारा माणूस चारचौघांसारखं आयुष्य जगतो. शंका असेल तर १०९७ वर फोन करा. पण हे त्या बिडीवाल्या मावशीला सांगणार कोण? मोबाइल तुमच्या हातात आहे, घरी जाऊन तुम्हीच सांगा.

आणि कुणाला एचआयव्ही आहे कळलं तर ‘कुठून झाला?’ हा प्रश्न गिळून टाका. ‘गोळ्या सुरू झाल्या का?’ एवढंच विचारा.

राहता राहिली ती चिठ्ठी. त्याचं उत्तर मुलांनीच द्यायचंय. लग्न ठरलं की आपण पत्रिका जुळवतो, पगार विचारतो, शेती किती तेही विचारतो. मित्रांनो, त्या यादीत तुमचा रिपोर्टही ठेवा. आधी स्वतः टेस्ट करा आणि मग तिला भेटायला जा. तिला तो प्रश्न विचारायची वेळच येऊ नये.