अलर्ट गेला, पण पोचला का?

३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीच्या एका अभियंत्याने भलत्याच सर्व्हरवर डेटा पुसण्याची कमांड दिली. चूक ध्यानात येऊन त्याने ती थांबवली, तोवर सुमारे ३०० जीबीपैकी जेमतेम साडेचार जीबी उरला होता. बॅकअप शोधायला गेले, तर तोही नाही. बॅकअप घेणारा प्रोग्रॅम ९.२ आवृत्तीचा, डेटाबेस ९.६ चा, त्यामुळे बॅकअप रोज फसत होता. सर्व्हर ते ईमेलने कळवतही होता! पण त्या ईमेलना डीमार्क या प्रेषक-पडताळणीची जोड नव्हती, म्हणून त्या परस्पर नाकारल्या जात होत्या. सहा तासांपूर्वी वेगळ्याच कामासाठी घेतलेला एक स्नॅपशॉट हाताशी होता, म्हणून निभावलं. हे सगळं गिटलॅबने स्वतःच जाहीर केलं, याबद्दल त्यांचे आभारच मानायला हवेत.

मोबाइलवर अलर्ट येत नाही म्हणजे सगळं आलबेल आहे, असं आपण धरून चालतो. सर्व्हरपासून खिशातल्या फोनपर्यंतची वाट चालू आहे का, हे पाहणं मात्र कोणाच्याच अंगावर नसतं.

ही वाट कुठेही तुटते. एसएमएसवर विसंबावं, तर ८ मार्च २०२१ ला आपल्याकडे एसएमएसचा मजकूर नोंदवलेल्या टेम्प्लेटशी पडताळणं सुरू झालं आणि देशभर ओटीपी अडकले. दुसऱ्याच दिवशी दूरसंचार नियामक ट्रायला ती पडताळणी आठवडाभर थांबवावी लागली. ॲपवर विसंबावं, तर बॅटरी वाचवण्यासाठी ॲन्ड्रॉइड पडून असलेल्या फोनवरची साधी नोटिफिकेशन्स लांबणीवर टाकतो. म्हणजे रात्री तीनला, नेमकी गरज असताना!

म्हणून ज्या सर्व्हरवर नजर ठेवायची, त्याच सर्व्हरवर अलर्ट पाठवणारी यंत्रणा ठेवू नका. २८ फेब्रुवारी २०१७ ला ॲमेझॉनची एस-थ्री ही डेटा साठवण्याची सेवा कोलमडली, तेव्हा ती बंद आहे हे दाखवणारं त्यांचं पानही बदलता येईना, कारण ते एस-थ्रीवरच अवलंबून होतं. त्यापेक्षा सर्व्हरने दर पाच मिनिटांनी बाहेरच्या एखाद्या सेवेला 'मी चालू आहे' असं कळवावं. तसं कळलं नाही, की त्या सेवेने फोन वाजवावा. पहिल्याने उचलला नाही, तर दुसऱ्याचा वाजला पाहिजे. आणि ज्यावर लगेच काही करायचं नाही, अशा बारीकसारीक गोष्टींसाठी कोणाची झोप मोडू नका. लांडगा आला रे आला असं रोज ऐकणारा माणूस शेवटी फोन सायलेंटवर टाकतो, आणि त्यात त्याचा दोष नसतो.

आठवड्यातून एकदा मुद्दाम खोटा अलर्ट सोडा आणि तो कोणी, किती मिनिटांत पाहिला, याची नोंद ठेवा. सहकारी बँका, रुग्णालयं, शाळा यांचं काम आता सर्व्हरवर चालतं. तिथल्या संचालकांनी पुढच्या बैठकीत ही नोंद मागावी. ती कोणाकडेच नसेल, तर नव्या सर्व्हरच्या खर्चाला मंजुरी देण्याआधी ही चाचणी सुरू करून घ्यावी. तिला पैसे लागत नाहीत. एका माणसावर जबाबदारी टाकावी लागते.