लेकरू वाचलं, आईबापाचं काय?

दवाखान्यात बाळंतपण झालं की 3, 7, 14, 21, 28 आणि 42व्या दिवशी आशाताई वजनकाटा, थर्मामीटर घेऊन घरी येते. दर्यापूर तालुक्यात गटप्रवर्तक म्हणून मी या भेटींचे तक्ते तपासते. आई किती वेळा जेवली, अंगावरून किती जातं, ताप आहे का, हे त्यात असतं. आणखी एक प्रश्न असतो: आई असंबद्ध बोलते का, झटके येतात का? जी आई कुणाशी अक्षरही बोलत नाही, तिच्यापुढे ‘नाही’ लिहिलं जातं आणि तक्ता पूर्ण होतो.

आमच्याकडची जड बाळंतीण अमरावतीच्या डफरीन रुग्णालयात जाते, मूर्तिजापूरकडची अकोल्याच्या लेडी हार्डिंग रुग्णालयात. तिथे मायलेकरं वाचतात. घरी परतल्यावरचं कोण पाहतं? मागल्या पावसाळ्यात अशाच एका घरी गेले. बाळंतपणात अतोनात रक्त गेलेलं, बाळ काचेच्या पेटीतून आलेलं. बाळ छान दूध ओढत होतं. रस्त्यावर गाडीचा भोंगा वाजला की आई मात्र दचकून त्याला छातीशी आवळायची. सासू म्हणाली, “लेकरू वाचलं ना, मंग रडते काहून?” नवऱ्याने सदऱ्याच्या खिशातून रक्तपेढीची पावती काढली, घडी पडून विरलेली. “रातभर झोपच नाही लागत, मॅडम.” तोवर त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

डॉ. विक्रम पटेल यांच्या 2002च्या गोव्यातल्या अभ्यासात बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी 23 टक्के मातांना नैराश्य आढळलं होतं. तेही सगळ्या मातांमध्ये. मरणाच्या दारातून परतलेल्यांचं वेगळं काय सांगावं?

आईबापाच्या मनाची विचारपूस करण्याचं काम आशांना झेपणार नाही, असं काहींना वाटेल. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या खेड्यांतल्या बायांकडून नवजात बाळं वाचवून दाखवली. आमच्या घरभेटी त्याच कामातून आल्या. पाकिस्तानात रावळपिंडीच्या खेड्यांत आरोग्यसेविकांनी खचलेल्या मातांशी घरी जाऊन पद्धतशीर बोलायला घेतलं. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सहा महिन्यांनी त्यांच्यातलं नैराश्याचं प्रमाण इतर गावांतल्या मातांपेक्षा निम्म्याहून कमी होतं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. तक्त्यात दोन प्रश्न वाढवा, आईसाठी आणि बापासाठीही: झोप लागते का? बाळंतपणाच्या दिवसाविषयी काही सांगावंसं वाटतं का? नाही म्हणाले तर खोदू नये. सांगू लागले तर मध्ये बोलू नये. यासाठी आशांना प्रशिक्षण द्या, वेगळा मोबदलाही द्या. बाळ दगावलं त्या घरच्या भेटी तर मुळीच थांबवू नका.

आणि घरच्यांनो, “जवान आहे, दुसरं होईन” असं म्हणू नका. गेलेल्या बाळाविषयी त्यांना बोलू द्या. उदासी दोन आठवड्यांत ओसरली नाही तर जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात न्या. जीव नकोसा झाल्याचं आई किंवा बाप बोलले तर एक दिवसही थांबू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक चोवीस तास, मोफत आणि मराठीत चालतो. तो आजच घरातल्या फोनमध्ये जपून ठेवा.