घरचा हिशेब : ज्याचे पैसे त्याच्या हाती

पुलाउ उबीनच्या सहलीआधी मंडळाची सूचना ठरलेली असते : बेटावर एटीएम नाही, रोकड जवळ ठेवा. यंदा चेक जावाकडे चालताना एका मैत्रिणीने जो प्रश्न विचारला, तोही पैशांचाच होता. तो आपल्यापैकी कुणापुढेही येऊ शकतो, म्हणून या वेळचं सदर त्यावर.

तिचे मोठे दीर इथेच नोकरीला होते. अविवाहित. गेल्या वर्षी ते गेले. त्यांच्या इथल्या विमा पॉलिसीवर नॉमिनी म्हणून आईचं नाव. सासूबाई वाईला राहतात. सिंगापूर त्यांनी पाहिलेलंही नाही. विमा कंपनीच्या अर्जात मात्र सिंगापूरच्या खात्याचा रकाना. सगळे म्हणाले, "धाकट्याच्या खात्यात घ्या, तो पाठवील." सासूबाई म्हणाल्या, "माझ्या लेकाचे पैसे माझ्या पासबुकात येऊ देत. पुढे कुणाला काय द्यायचं ते मी बघीन."

मला त्यांचं म्हणणं पटलं, आणि व्यवहारही त्यांच्याच बाजूने आहे. विम्याची रक्कम शक्यतो नॉमिनीच्याच नावच्या खात्यात दिली जाते. इथलं खातं नसेल तर परदेशी खात्यात थेट पाठवण्याची सोय आहे का, हे कंपनीला लेखी विचारायचं. त्यासाठी लागतो बँकेचा स्विफ्ट कोड. आयएफएससी फक्त भारतातल्या भारतात चालतो. सासूबाईंचं खातं पतसंस्थेत होतं, तिथे परदेशातून पैसे थेट येत नाहीत. म्हणून वाईतच राष्ट्रीयीकृत बँकेत नवीन खातं उघडलं.

चेकचा मार्ग मी सुचवणार नाही. सिंगापूर डॉलरचा चेक भारतात वटायला आठवडे लागतात आणि शुल्क जातं ते वेगळंच. इथल्या बँकाही आता चेक बंद करण्याच्या मार्गावर आहेत.

दुसरी अडचण नावाची. पॉलिसीवर नुसतं नाव-आडनाव, पासबुकावर मध्ये पतीचं नाव, आधारवर आद्याक्षरं. आपल्याकडे तिन्ही एकच बाई, पण बँकेच्या लेखी त्या तिघीजणी! मराठी कागदांचं प्रमाणित इंग्रजी भाषांतरही लागलं. कंपनीने अपोस्टिल मागितलं तर घाबरू नका. भारतात ती पद्धत आधीपासून आहे, आणि सिंगापूरमध्ये 16 सप्टेंबर 2021 पासून लागू झाली. त्यामुळे वकिलातीचा वेगळा शिक्का लागत नाही.

नॉमिनी नेमलेलाच नसेल तर? इथल्या विमा कायद्याप्रमाणे दीड लाख डॉलरपर्यंतची रक्कम कंपनी जवळच्या नातेवाइकाला कोर्टाच्या कागदाशिवाय देऊ शकते. त्यापुढच्या रकमेसाठी मात्र कोर्टाची पायरी चढावी लागते.

उलट दिशेचंही सांगते. आपल्या एलआयसीच्या पॉलिसीचे पैसे रुपयांत मिळतात. परदेशी राहायला आल्यावर भारतातलं साधं बचत खातं एनआरओ करून घ्यायला हवं. पैसे तिथे जमा होतात. तिथून एका आर्थिक वर्षात दहा लाख अमेरिकी डॉलरपर्यंत रक्कम बाहेर नेता येते, करविषयक कागदपत्रं पूर्ण करून.

उबीनच्या खाणीतला ग्रॅनाइट हॉर्सबर्ग दीपगृहाला आणि जोहोरच्या कॉजवेला गेला. त्या काळी इथे राबायला आलेले चिनी मजूर घरी पैसे पाठवत ते पत्रासोबत. त्याला 'चिआओपी' म्हणत. गावातल्या आईचं बँकेत खातं नसे. पैसे दारात येत, आणि पोचल्याचं उत्तर तिच्याकडून परत जाई. 2013 साली युनेस्कोने ही पत्रं जागतिक स्मृतीच्या यादीत घेतली. आपल्याकडच्या मनीऑर्डरची पोचपावती आठवते ना? तसंच.

सासूबाईंच्या खात्यात पैसे जमा झाले. त्यातून त्यांनी आधी घराचं छप्पर दुरुस्त करून घेतलं, कुणालाही न विचारता.

मी पूर्वी शिक्षिका होते, तेव्हा गृहपाठ दिल्याशिवाय सोडणार नाही. लक्ष्मीपूजनाला वह्या काढाल तेव्हा पॉलिसीही काढा. नॉमिनीचं नाव पासबुकाशी अक्षर न् अक्षर जुळवा, आणि त्या बँकेचा स्विफ्ट कोड शेजारी लिहून ठेवा. गावाकडे आई-सासूबाईंना फोन कराल तेव्हा फराळाच्या चौकशीबरोबर एवढं विचारून घ्या : "तुमच्या पासबुकावर नाव नेमकं कसं लिहिलंय?"