छपराच्या शोधात वसलेले शहर

येत्या 28 फेब्रुवारीला मीरा-भाईंदर महानगरपालिकेचा वर्धापन दिन. 2002 साली याच दिवशी नगरपालिकेची महानगरपालिका झाली. नव्या अर्थसंकल्पाची आकडेमोडही याच दिवसांत चालते. म्हणून ज्यांच्याकडे घरच नाही, त्यांच्या वतीने एक मागणे मांडायचे आहे.

शेवटची लोकल गेल्यावर भाईंदर स्टेशनबाहेर थोडा वेळ उभे राहावे. शटर खाली आली की दुकानांच्या पायऱ्यांवर पथाऱ्या पडतात. एखादी बाई उशाला घ्यायची पिशवी आधी दोनदा चाचपते. आत रेशनकार्ड, आधारकार्ड आणि मुलाचा शाळेचा दाखला प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेला असतो. घर गेले, तरी घर होते याचा पुरावा तिने सोडलेला नाही.

रस्त्यावर कोणी एका दिवसात येत नाही. घरात दुखणे येते, नाक्यावरची मजुरी बुडते, भाडे थकते, डिपॉझिट त्यातच वळते होते आणि अकरा महिन्यांचा करार संपतो. यातल्या कोणत्याही पायरीवर हात दिला, तर घर वाचू शकते. दोन महिन्यांचे भाडे भरणे हे वर्षभर निवारा पुरवण्यापेक्षा स्वस्त, आणि पोराची शाळाही सुटत नाही.

हे पालिकेचे काम आहे का, असा प्रश्न कुणी विचारील. 74व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत दुर्बल घटकांचे हितरक्षण, झोपडपट्टी सुधारणा आणि शहरी दारिद्र्य निर्मूलन हे तिन्ही विषय स्पष्ट लिहिलेले आहेत. मुद्दा त्याहूनही जुना आहे. मीरा-भाईंदरला नगरपालिका आली 12 जून 1985 रोजी. महिना उलटतो न उलटतो तोच, 10 जुलैला, ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो, असे सांगितले. तो खटला शेजारच्या मुंबईतल्या पदपथवासीयांचा होता.

पुढे 2010 साली याच न्यायालयाने मोठ्या शहरांत दर लाख लोकसंख्येमागे एक, चोवीस तास उघडा निवारा हवा, असे ठरवून दिले. 2011च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या 8 लाखांवर होती. म्हणजे त्या जुन्या आकड्यानेही किमान 8 निवारे हवेत. त्यानंतर शहर केवढे वाढले, ते आपण रोज पाहतोच. निवारा स्टेशन आणि मजूर नाक्यांजवळ हवा. गावाबाहेरच्या इमारतीत, कामापासून तुटून, कोण राहायला जाईल?

नुसती योजना मंजूर होऊन भागत नाही, हा धडा शहरातल्याच काशीचर्च आणि जनता नगर या वस्त्यांनी दिला आहे. शहरी गरिबांसाठीच्या बीएसयूपी योजनेत पक्के घर मिळणार म्हणून लोकांनी झोपड्या रिकाम्या केल्या आणि संक्रमण शिबिरांत वर्षे काढली. गरिबाच्या हिशेबात उशीर हाही खर्चच असतो.

म्हणून मागणे असे. महिला-बालकल्याण आणि दिव्यांगांसाठी जसा 5 टक्के निधी राखतात, तशाच ठामपणे बेघर होण्यापासून वाचवण्यासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष असावे. त्यातून थकलेल्या भाड्याला तातडीची मदत मिळावी, निवारे चालावेत, आणि रुग्णालयातून सुटी मिळालेल्या निराधाराला थेट निवाऱ्यात पोचवणारा माणूस नेमला जावा. या शीर्षाखालचा खर्च दर तीन महिन्यांनी प्रभाग कार्यालयाच्या फलकावर लावावा, म्हणजे 31 मार्चला पैसा पडून राहिला असे म्हणायची वेळ येणार नाही.

गिरगाव, लालबाग, परळच्या खोल्या सोडून कितीतरी मराठी कुटुंबे इथे आली, कारण मुंबईत जागा परवडेना. मिठागरे, भातशेती आणि कोळी-आगरी गावांच्या या पट्ट्याने त्यांना सामावून घेतले. छप्पर शोधत आलेल्यांनीच हे शहर मोठे केले. स्टेशनबाहेरची ती बाईही त्याच शोधात आहे. ती फक्त उशिरा पोचली. तिच्या पिशवीतल्या कागदांवर पुन्हा एक खरा पत्ता लिहिला जावा, एवढे या वर्धापन दिनी महानगरपालिकेने मनावर घ्यावे.