फळमाशीला नुसती चप्पल मारून भागणार नाही



आंबे पिकायला लागले की आपल्याकडे सगळे माश्यांना शिव्या देतात. पण माशी एक नाही, दोन आहेत. केळ्याच्या घडावर घोंगावते ते बारीक चिलट. ते पिकून आंबलेल्या फळावर येते, चांगल्या फळाला भोक पाडीत नाही. दुसरी खरी फळमाशी. ती घरमाशीएवढी असते आणि मादीच्या मागच्या टोकाला सुई असते. ती सुई ती आंब्याच्या सालीत खुपसते आणि आत अंडी घालते. वरून आंबा छान दिसतो, कापला की आत अळ्या वळवळतात. शी! काकडी, कारली, शिराळी यांना लागते ती हिचीच बहीण.

काही मोठी माणसे म्हणतात, "माशीचा कसला अभ्यास करायचा? औषध मारा नि मोकळे व्हा." मला हे पटत नाही. अळी फळाच्या आत बसलेली असते. वरून मारलेले औषध तिला लागत नाय, ते आपल्याच पोटात जाते.

अभ्यासाने काय होते ते सांगते. बिहारात पुसा नावाचे गाव आहे. तिथे हॉवलेट नावाचे कीटकशास्त्रज्ञ होते. त्यांच्या शेजाऱ्याने डास येऊ नयेत म्हणून रुमालाला सिट्रोनेला तेल लावले. डास राहिले बाजूला, फळमाश्याच गोळा झाल्या! दुसरा कोणी असता तर हसला असता किंवा फडका मारला असता. हॉवलेट साहेबांनी नीट बघितले, तर सगळे नरच. १९१२ साली त्यांनी हे छापले आणि पुढे कोणत्या द्रव्याच्या वासाला नर भुलतात तेही शोधले. त्याचे नाव मिथिल युजेनॉल. आपल्या तुळशीतही ते असते.

त्यावरूनच आपल्या दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने रक्षक सापळा काढला. डब्यात त्या वासाचे औषध ठेवतात. नर आत जातो आणि मरतो. नर उरले नाहीत की मादीच्या अंड्यातून अळ्या निघत नाहीत. बागेत हेक्टरी चार सापळे लावायला सांगतात. आंब्यावर काही फवारावे लागत नाही. (मुलांनी सापळ्यातल्या औषधाला हात लावायचा नाही. ते काम मोठ्यांचे.)

पण एकट्याने सापळा लावून काय उपयोग? माशीला बांध कळत नाही. शेजारच्या वाडीतून ती परत येते. आणि मुख्य म्हणजे पडलेले आंबे. रस्त्याकडेच्या रायवळ झाडांखाली सडा पडतो आणि कोणीच उचलत नाही, कारण झाड कोणाचेच नाही. त्या आंब्यातल्या अळ्या बाहेर येऊन मातीत शिरतात, तिथे कोष करतात आणि आठ-दहा दिवसांनी माश्या होऊन उडतात. म्हणजे आपणच त्यांना पाळतो. आजी म्हणते, झाडाखालची माती उकरली की कोंबड्या कोष टिपतात. कृषी विभागवालेसुद्धा माती हलवायलाच सांगतात, पण आजीला ते आधीपासून माहीत होते.

हे फक्त आपल्या गावापुरते नाही. २०१४ साली १ मेपासून युरोपच्या देशांनी भारतातले आंबे घेणे बंद केले होते, कारण मालात फळमाशी सापडली. आंब्याबरोबर कारली, पडवळ, वांगी आणि अळूसुद्धा बंद. आंब्यावरची बंदी उठवायचे २०१५ च्या जानेवारीत ठरले. एवढीशी अळी, पण तिच्यापायी किती शेतकऱ्यांचे नुकसान झाले असेल!

आता चिलटाबद्दल. आमच्या वर्गात एक मुलगा म्हणाला की शास्त्रज्ञ बाटलीत चिलटे पाळतात ते पैसे फुकट. मला तसे वाटत नाही. चिलटाचे अंडे साधारण दहा दिवसांत मोठे चिलट होते, म्हणून आजी, आई, नात अशा पिढ्या थोड्या दिवसांत बघता येतात. अमेरिकेत मॉर्गन साहेबांना १९१० साली लाल डोळ्यांच्या चिलटांत एक पांढऱ्या डोळ्यांचे सापडले. त्यावरून आईबापांचे गुण पोरांत कसे उतरतात ते कळले आणि १९३३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी यांनी चिलटाला वास आणि चव कशी कळते याचा अभ्यास केला. आता मला सांगा, वासावर माशी पकडायची तर तिला वास कसा येतो ते कळायला नको?

म्हणून माझे म्हणणे असे. पालकांनी किल्ला-रोहा येथील कृषी विज्ञान केंद्रात जाऊन सापळ्याची चौकशी करावी, आणि एकेकट्याने नाही तर सगळ्या वाडीने मिळून लावावेत. ग्रामपंचायतीने पडलेल्या आंब्यांसाठी एक खोल खड्डा खणून द्यावा. आणि सुट्टीत आपण प्रत्येकाने घराजवळचे एक झाड घ्यावे. रोज सकाळी खालचे किडके आंबे घमेल्यात भरायचे, खड्ड्यात टाकायचे, वर माती लोटायची. चांगला निघाला तर खायचा, त्याला मनाई नाही.

आमच्या घरामागच्या झाडाचे नाव मी गुरुजींकडे लिहून दिले आहे. ओढ्याजवळचा आंबा अजून कोणी घेतलेला नाही. तो मोठा आहे, दोघे लागतील. मधल्या सुट्टीत सांगा.