मिरचीची टेस्ट होते, हवेची कधी?

सीझनमध्ये नंदुरबारच्या मिरची पथाऱ्यांजवळून बाईक काढताना आपण सगळे सेम टू सेम वागतो. रुमाल नाकावर, मान खाली आणि ॲक्सिलरेटर फुल. मागे बसलेला शिंकतो, पुढचा डोळे चोळतो, अर्ध्या मिनिटात आपण पार. मग कॉलेजच्या गेटवर चहा पिताना कोणीतरी अभिमानाने म्हणतोच, "गुंटूरनंतर आपलाच नंबर, बॉस!"

आपण अर्ध्या मिनिटात पार होतो, पण पथारीवर काम करणाऱ्या बाया सकाळी येतात आणि संध्याकाळी जातात. बाजार समितीतून लिलाव होऊन ओली लाल मिरची येते, ती पसरवायची, उलटायची, वाळली की देठ खुडायचे, खराब फळं वेगळी काढायची, मग पोती भरायची. मिरची जितकी वाळते तितकी धूळ वाढते. पोतं दाबून भरताना तर विचारूच नका. तोंडाला ओढणी नाहीतर पदर बांधलेला, हातांची आग होतेय, डोळे लाल. त्रास होत नाही का विचारलं, की उत्तर ठरलेलं, "सवय व्हई जास."

सवय होते म्हणजे नक्की काय होतं, हे कोणी मोजलंय का? मला तेवढंच विचारायचंय.

कारण मिरची मोजली जाते. आणि कशी! आपल्याकडची मिरची किंवा तिची पावडर परदेशात पाठवायची असेल तर मसाला बोर्डाच्या नियमाप्रमाणे आधी लॅबमध्ये तपासणी होते. बुरशीमुळे तयार होणारं अफ्लाटॉक्सिन किती आहे ते बघतात, रंग खुलवायला कोणी सुदान डाय घातलाय का तेही बघतात. मसाल्यासाठी युरोपची मर्यादा आहे किलोमागे एकूण १० मायक्रोग्रॅम अफ्लाटॉक्सिन. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. त्याच्याहून जास्त निघालं तर माल परत. जर्मनीतल्या माणसाच्या सूपवर चिमूटभर पडणाऱ्या मिरचीची आपण एवढी काळजी घेतो. चांगलंच आहे, घ्यायलाच पाहिजे. पण तीच मिरची दिवसभर हाताळणाऱ्या बाईच्या नाकात काय जातं, त्याची एक साधी चिठ्ठीसुद्धा कुठे नसते.

मिरचीच्या धुळीने त्रास होतो हे काही नवं संशोधन नाही. श्रीलंकेतले छातीचे डॉक्टर उरागोडा यांनी १९६७ मध्येच मिरची दळणाऱ्या कामगारांच्या लक्षणांवर शोधनिबंध लिहिला होता. मिरचीतलं कॅप्सायसिन श्वासनलिकेतल्या मज्जातंतूंना चेतवतं, म्हणून खोकला येतो. हे बारावीच्या बायोलॉजीवाल्यालाही कळेल. त्यात वाळलेल्या मालाची माती आणि बुरशीही मिसळते.

आता मशीनकडे बघूया. साखर कारखान्याचा बॉयलर घ्या, आपल्या जिल्ह्यातल्या ऊसवाल्यांना हे लगेच पटेल. प्रत्येक बॉयलरला नोंदणी क्रमांक असतो. बाष्पके संचालनालयाची तपासणी झाल्याशिवाय तो पेटवता येत नाही, आणि प्रमाणपत्र साधारण वर्षभरच चालतं. मुदत संपली की पुन्हा तपासणी. ही शिस्त आली कुठून? १८६३ साली कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसं मेली आणि पुढच्याच वर्षी बंगालमध्ये तपासणीचा कायदा आला. मग १९२३ चा देशभराचा कायदा, आणि आता २०२५ चा नवा. म्हणजे दीडशेपेक्षा जास्त वर्षं सरकार बॉयलरचं ऐकतंय, कारण बॉयलर फुटला की गावभर ऐकू जातं. आपल्या शेजारी शिरपूरजवळ वाघाडीला ३१ ऑगस्ट २०१९ ला केमिकल फॅक्टरीत स्फोट झाला, डझनभराहून जास्त माणसं गेली, तेव्हा नंदुरबारलाही घराघरात तीच चर्चा होती. फुफ्फुस मात्र आवाज न करता जातं. त्यासाठी ब्रेकिंग न्यूज नाही आणि चौकशी समितीही नाही.

कायद्यात हवेचा विषयच नाही असं मात्र नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यात कलम १४ होतं: काम करताना धूळ किंवा धूर निघत असेल तर तो जिथे निघतो तिथेच ओढून घ्यायची सोय करा, कामगारांच्या नाकापर्यंत येऊ देऊ नका. इतकं सरळ. भोपाळनंतर १९८७ मध्ये दुरुस्ती होऊन घातक प्रक्रियांसाठी हवेत कोणता पदार्थ किती चालेल याची यादीही आली. त्या यादीत मिरचीची धूळ नाही. जिनिंग-प्रेसिंगबद्दल तर वेगळं कलमच होतं, २७ वं. कापूस मोकळा करणारं ओपनर मशीन चालू असेल त्या भागात बायकांना आणि मुलांना कामाला ठेवायचं नाही. म्हणजे कापसाच्या धुळीचा धोका कायदा लिहिणाऱ्यांना माहीत होता. या धुळीने होणाऱ्या आजाराचं नाव बिसिनोसिस, आणि त्याची ओळख म्हणजे सोमवार. रविवारी सुट्टी झाली, छाती मोकळी झाली, सोमवारी कामावर गेलं की पुन्हा आवळते. (नारायण मेघाजी लोखंड्यांनी लढून १८९० मध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. त्या सुट्टीमुळेच हा आजार डॉक्टरांना ओळखता येतो, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.)

अडचण आहे ती कायदा कुठे पोचतो यात. जुन्या केंद्रीय कायद्यात 'कारखाना' म्हणजे वीज वापरून १० किंवा विजेशिवाय २० कामगार. २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता लागू झाली, तिच्यात हे आकडे २० आणि ४० झाले. पथारी तर उघड्या रानात. भिंत नाही, छप्पर नाही, मशीन नाही, हजेरीपुस्तक असलंच तर मुकादमाच्या खिशात. तिला कारखाना कोण म्हणणार? एमआयडीसीत काही मोठं असेल तर साहेब येतील, पथारीवर कशाला येतील?

पण संहिता नीट वाचली तर एक गंमत आहे. तिच्यात 'कारखाना' याच्याशिवाय 'आस्थापना' असाही शब्द आहे, आणि त्याचा अर्थ कोणताही उद्योग, व्यापार, व्यवसाय चालतो अशी जागा जिथे १० किंवा जास्त कामगार आहेत. छप्पर पाहिजे असं कुठे म्हटलेलं नाही. आणि आस्थापनेच्या मालकावर जबाबदाऱ्या आहेत: कामाची जागा इजा किंवा आजार होईल अशा धोक्यांपासून मुक्त ठेवायची, ठरलेल्या वयाच्या कामगारांची वर्षातून एकदा फुकट आरोग्य तपासणी करायची, नेमणूकपत्र द्यायचं. भर सीझनमध्ये पथारीवर दहा माणसं नसतात असं म्हणणाऱ्याने एकदा मोजून यावं. प्रश्न एवढाच उरतो की मालक कोण? माल व्यापाऱ्याचा, मजूर मुकादमाचा, जमीन तिसऱ्याचीच. हे कागदावर ठरत नाही तोवर पथारीवर तपासणी होणार नाही, आणि हे ठरवणं सरकारचं काम आहे. देठ खुडणाऱ्या बाईने त्यासाठी कोर्टात जावं अशी अपेक्षा करणं म्हणजे चेष्टा आहे.

हवा तपासायची म्हणजे फार मोठं काही करायचं असतं असंही नाही. आपण मोबाईलवर दिल्लीचा एक्यूआय बघतो ना, तो शहराच्या हवेचा आकडा. कामाच्या जागेवर पद्धत वेगळी. कामगाराच्या कमरेला छोटा पंप बांधतात, त्याची नळी कॉलरपर्यंत येते, तिथे नाकाजवळ एक फिल्टर असतो. पंप मिनिटाला साधारण दोन लिटर हवा ओढतो. आठ तासांत झाली ९६० लिटर, म्हणजे जवळजवळ एक घनमीटर. फिल्टरचं वजन आधी केलेलं असतं, नंतर पुन्हा करायचं, फरक म्हणजे धूळ. एवढंच. रॉकेट सायन्स नाही, केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल आहे. मुद्दा आहे तो फिल्टर कोणाच्या कॉलरला लावला त्याचा. ऑफिसच्या दारात लावला तर हवा छान येणार. पोतं भरणाऱ्याच्या कॉलरला लावला तर खरं काय ते कळेल. तपासणीचा दिवस आधी कळला असेल तर विषयच संपला. त्या दिवशी फरशी धुतलेली असते, कपाटातले हातमोजे बाहेर येतात, आणि अर्ध्या लोकांना सुट्टी असते. इन-प्लांट ट्रेनिंगला किंवा आयटीआयच्या ॲप्रेंटिसशिपला गेलेल्या कोणालाही विचारा.

तपासणी न होण्याची किंमत काय असते, त्यासाठी फार लांब जायला नको. धडगावसमोर नर्मदा ओलांडली की अलीराजपूर. तिथली, झाबुआ-धारची आदिवासी माणसं गुजरातमध्ये गोध्र्याकडे दगड दळायच्या कारखान्यांत गेली. गारगोटीची बारीक पूड, काच उद्योगासाठी. काही महिने काम करून परत आली आणि सिलिकोसिसने एकेक करून गेली, बरीचशी ऐन तरुणपणी. हा आजार बरा होत नाही. २०१० मध्ये राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २३८ मृतांच्या घरच्यांना प्रत्येकी ३ लाख रुपये द्यायला सांगितलं. गुजरातने ते द्यावेत म्हणून सुप्रीम कोर्टाला २०१६ मध्ये आदेश काढावा लागला. गारगोटी दळणारं मशीन उत्तम चालू होतं. माल वेळेवर जात होता. फक्त हवेत काय उडतंय ते वेळेत कोणी तपासलं नाही, तपासलं असेल तर थांबवलं नाही. मिरची म्हणजे सिलिका नव्हे, दोन्ही एका तराजूत तोलायचं नाहीये मला. पण मजूर तसाच आदिवासी पट्ट्यातला आहे, त्याच्यासारखाच सीझनपुरता आलेला, आणि कोणत्याच रजिस्टरात नाव नसलेला.

यावर व्यापारी म्हणतील की इन्स्पेक्टर येतो म्हणजे पाकीट मागतो. ही तक्रार खोटी आहे असं मी म्हणणार नाही. 'इन्स्पेक्टर राज' हा शब्द उगाच आलेला नाही. नव्या संहितेत म्हणूनच इन्स्पेक्टरला सल्ला देणारा सुविधाकर्ताही केलंय, आणि कुठे जायचं ते कॉम्प्युटरने निवडायची सोय आहे. ठीक. पण पाकिटावरचा उपाय तपासणी कमी करणं हा कसा असेल? ट्रॅफिक पोलीस चिरीमिरी घेतो म्हणून आपण सिग्नल काढून टाकत नाही. उपाय म्हणजे रिपोर्ट उघड करणं. बॉयलरसारखाच हवेचाही कागद हवा: कोणत्या तारखेला, कोणाच्या कॉलरला, किती धूळ. तो गेटवर लावा, पथारीवर बोर्ड करून लावा, मराठीत लावा, आणि जिला वाचता येत नाही तिला अहिराणीत, भिलीत वाचून दाखवा. आकडा सगळ्यांसमोर असला की पाकिटाची किंमत आपोआप कमी होते.

दुसरा आक्षेप मला जास्त खरा वाटतो: नियम लावले तर व्यापारी मजूर कमी करेल, मशीन आणेल. मिरचीवर जिल्ह्यातल्या कितीतरी घरांचा हिवाळा निघतो, आपल्यातल्या कित्येकांची फीसुद्धा. म्हणून मागणी झेपेल एवढीच ठेवायला हवी. पोती भरायची जागा वाऱ्याच्या दिशेने वेगळी करा, खुडणाऱ्यांपासून लांब. धूळ अडवणारे खरे मास्क द्या, कापडाचे नकोत. हात-डोळे धुवायला पाणी ठेवा. सीझनच्या सुरुवातीला आणि शेवटी एकदा छातीची तपासणी करा. याने कोणताही व्यापारी बुडणार नाही. अवकाळी पावसाने एका रात्रीत त्याचं याहून जास्त नुकसान होतं, तरी तो पुढच्या वर्षी पथारी टाकतोच.

आणि आपण? माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला तीन प्रश्न विचारता येतील. गेल्या तीन वर्षांत नंदुरबार जिल्ह्यात किती ठिकाणी हवेचे नमुने घेतले? त्यातले किती मिरची, कापूस आणि नवापूरच्या कापड कारखान्यांतले? एखाद्या पथारीची आस्थापना म्हणून नोंद झाली आहे का? एनएसएसच्या कॅम्पला दरवर्षी रस्ता झाडण्यापेक्षा या वर्षी पथारीवर जाऊन नुसती माणसं मोजली तरी चालेल: किती बाया, किती तास, कोण किती वर्षं येतंय, कोणाला खोकला आहे. केमिस्ट्री डिपार्टमेंटकडे वजनकाटा आहेच, पंप तेवढा मिळवायचा राहतो. ऑक्टोबरमध्ये पहिली लाल मिरची बाजार समितीत येते, म्हणून अर्ज त्याच्या आधीच टाकलेला बरा.