कळवळा पुरेसा नाही

‘लेखकाने संतापू नये, समजून घ्यावे,’ असा उपदेश साहित्यसभांतून वारंवार कानी पडतो. जणू सहवेदना म्हणजे आवाज खाली आणणे! या सोज्ज्वळ समजुतीला बुलढाण्याच्या एका स्त्रीने केव्हाच उत्तर देऊन ठेवले आहे.

१८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण ब्राह्मण विधवेला स्वतःच्या अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे अपिलात ती कमी झाली. ‘पुणे वैभव’ने मात्र या एकीच्या निमित्ताने समस्त स्त्रीजातीवर आगपाखड केली. विधवेला पुनर्विवाहाची वाट बंद करणारी रूढी आणि त्या अर्भकाचा बाप, दोघेही त्या तडाख्यातून सहीसलामत सुटले.

हे बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांना साहवले नाही. विजयालक्ष्मीची जात वेगळी, भाषा वेगळी, प्रांत वेगळा. तरीही १८८२ साली त्यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून पुण्यात छापविली. त्यात त्यांनी दयेची भीक मागितली नाही. जे दोष स्त्रीच्या माथी मारता, ते पुरुषांत नाहीत काय, असा उलट जाब विचारला. दया वरून खाली पाहते. सहवेदना आरोपीच्या पिंजऱ्यात शिरून त्याच्या शेजारी उभी राहते, आणि तेथून न्यायासनाकडे पाहिले की स्वर मऊ राहत नाही.

संताप आंधळा असतो, असे कोणी म्हणेल. स्वतःच्या अपमानाचा संताप तसा असेलही. परक्या, बदनाम स्त्रीसाठी पेटलेल्या संतापाला मात्र डोळे असतात.

आपण त्या लेखणीचे काय केले? तिच्यावर टीकेचा भडिमार झाला, तेव्हा १८८५ साली जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’मधून तिची पाठराखण केली. पण ताराबाईंचे दुसरे पुस्तक निघाले नाही. पहिलेही विस्मृतीत गेले. स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केले १९७५ साली, म्हणजे तब्बल ९३ वर्षांनी! शब्दांत सामर्थ्य नसते, तर इतके मौन पाळण्याची गरजच काय होती?

म्हणून लेखकबंधूंनो, भगिनींनो, आपल्या लेखनाने किती डोळे पाणावले, हे मोजू नका. ज्याची बाजू घेतल्याने आपली माणसे दुरावतील, अशा एकासाठी तरी आपण लिहिले काय? उत्तर ‘नाही’ असेल, तर आपला कळवळा अजून ओसरीवरच बसला आहे.